नुबेकुला, उजवा डोळा

डॉक्टर मातुराना महिन्यातून दोनदा येतात,
दुसऱ्या आणि चौथ्या मंगळवारी,
शाळेमागच्या खोलीत, जिथे एरवी
फुटबॉलची जाळी आणि फुटके बाक ठेवतात.
एदुविहेसची हनुवटी त्यांनी यंत्रावर टेकवली,
तिरपा उजेड सोडला,
बराच वेळ पाहिलं
आणि कार्डावर लिहिलं : नुबेकुला, उजवा डोळा.

"म्हणजे?"
"लहानसा ढग. लॅटिन आहे."
ती हसली.
चिलीच्या या किनाऱ्यावर एकसष्ट वर्षं काढलेल्या बाईला
ढग काय असतो ते लॅटिनमधून सांगायचं.

त्यांनी समजावलं, तरुण माणूस, समजावण्याची हौस :
बुबुळावरची जखम भरते पण खूण सोडते.
विरळ असली तर ढग,
दाट असली तर डाग,
चुन्यासारखी पांढरी झाली तर तिला आणखी वेगळं नाव.
"तुमची सगळ्यात सौम्य."
"मग त्रास का इतका?
समोरून ट्रक आला की दिव्यांना केस फुटतात."
डॉक्टर थांबले.
हो, म्हणाले, विरळच जास्त छळते.
भिंत निदान उजेड अडवते.
ही आत येऊ देते, आणि विस्कटते.

(मी ज्या भाषेत हे लिहितो आहे
तिथे म्हणतात, डोळ्यात फूल पडलं.
कुणी पाहिलं असेल पहिल्यांदा ते फूल,
आणि ज्याच्या डोळ्यात पडलं
त्याला विचारलं होतं का?)

नवऱ्याचा, रोसामेलचा, लघवीचा रिपोर्टही त्याच पाकिटात.
तिथेही तोच शब्द.
ती चरकली. दोघांना एकच रोग?
नाही, नाही, डॉक्टरांनी हात हलवले,
बाटली तासभर ठेवली की मधोमध
कापसासारखं काही तरंगतं, त्यालाही हेच म्हणतात.
जुनी पद्धत. बहुतेक वेळा काही नसतं.
खाली बसतं आपोआप.

"आणि माझा?"

खोलीबाहेर कोणी तरी बॉल भिंतीवर आपटत होतं.

ऑक्टोबरात ती पहाटे चारला डोंगर चढते.
वर जाळ्या बांधल्यात, बारा, काळ्या, दोन खांबांत ताणलेल्या.
समुद्रावरून कामान्चाका येते, हे इथलं धुकं,
पाऊस न देणारं, नुसतं अंगाला घासून जाणारं.
जाळीत अडकतं, थेंब होतं,
थेंब पन्हाळीत, पन्हाळीतून टाकीत.
गावाचा चहा त्यावर होतो.
फाटलेली शिवण शोधायची तर ती बोटांनी शोधते,
उजव्या डोळ्यावर भिस्त कधीच सोडली.

त्या दिवशी धुकं खालीच राहिलं होतं.
वर आकाश स्वच्छ, आणि दक्षिणेला ते दोन पुसट ठिपके,
शाळेतल्या बाई म्हणायच्या, दुसऱ्या आकाशगंगा त्या,
जुन्या नकाशांत त्यांचं नाव
थोरली नुबेकुला, धाकटी नुबेकुला.
तिने डावा डोळा मिटला.
दोन्ही गेल्या, तिच्या ढगात विरून.
उघडला. परत आल्या.
मिटला. उघडला.
लहान मुलासारखं बराच वेळ केलं हे तिने,
मग थंडी वाजली.

पुढच्या मंगळवारी ती रांगेत पहिली होती.
"कार्डावर आणखी लिहा."
"काय?"
"शेवाळाचा फटका. एकोणनव्वद साल. ओहोटी सुरू होती,
मी रोसामेलला हाक मारत होते, म्हणून वळले,
आणि ओला पट्टा चाबकासारखा आला.
ते लिहा. ढग आपोआप नाही आला."

कार्डावर त्यासाठी रकाना नव्हता.
डॉक्टरांनी समासात लिहिलं, बारीक अक्षरांत,
शेवटचा शब्द कडेला दुमडून.
तिने ते डाव्या डोळ्याजवळ धरून वाचलं,
'ओहोटी'ची चूक दाखवली,
आणि पुढच्याला जागा दिली.